उलट्या आट्याची गोगलगाय

आमच्या अंधेरीच्या चाळीतले परब कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तिचे आटे बघायचे. बाटलीचं झाकण, नळाची तोटी, अगदी दिवाळीची चकलीसुद्धा. आमच्या हिने एकदा ताटली पुढे केली, तर म्हणाले, "वैनी, सगळे सुलटे आटे!" खाणं राहिलं बाजूला. मरोळच्या कारखान्यात आमचे लेथ शेजारीशेजारी. बोल्टला आटे पाडून पाडून त्यांची नजरच तशी झाली होती.

रविवारी मात्र वर्सोवा. तिथल्या वाळूत नखाएवढी, पिळाच्या टोकदार शंखाची गोगलगाय सापडते. टोक वर धरलं की तिचं तोंड उजवीकडे येतं. सगळ्यांचंच येतं. परबांना हवी होती डाव्या तोंडाची, म्हणजे उलट्या आट्याची. "लाखात एक असतली रे, पण असतली!" नऊ वर्षं ते ओहोटीला उकिडवे बसून वाळू चिवडत होते, आणि मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून स्वतःला शिव्या घालत होतो.

आणि एका रविवारी ती सापडली. जिवंत.

आता पंचाईत अशी, की शंख ठेवायचा तर गोगलगाय उकळून टाचणीनं आतलं मांस काढावं लागतं. नाहीतर वासानं चाळ उठते. मागे एकदा उठली होती.

घरी येताच परबांनी स्टोव्हवर टोप चढवला. तोही रॉकेलला रांगा लागायच्या त्या दिवसांत. दारात निम्मी चाळ जमली. त्यांची आईविना वाढलेली मुलगी, बेबी, चिमटा घेऊन टोपाशी उभी. तेवढ्यात परबांच्या तळहातावर गोगलगायीनं शंखाच्या तोंडावरचं झाकण उघडलं आणि ती हळूहळू चालायला लागली. परब तो तळहात टोपापासून लांब धरून उभे राहिले.

"बाबा, पाणी उकळलं," बेबी म्हणाली.

"टाका ना परब!" मी ओरडलो. माझेही नऊ वर्षांचे रविवार होते त्यात.

परब बेबीकडे बघत राहिले. चिमटा तिच्या उजव्या हातात होता, अवघडलेला. पोरगी जन्माची डावखुरी. ती चार वर्षांची असताना परबांनी तिचा डावा हात नाडीनं कमरेशी बांधला होता. जेवताना, पाटी गिरवताना, चांगलं वर्षभर. भिंतीपलीकडून तिचं रडणं ऐकू यायचं. "बरं केलंत, पोरीची जात आहे," असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. आज लिहिताना लाज वाटते.

परबांनी स्टोव्ह बंद केला.

"अहो, शंख नको?" मी विचारलं.

"नको." मग त्यांनी तळहात बेबीपुढे धरला. "डाव्या हातान घे गो. समुद्रात सोडून येवया."

बेबीनं सवयीनं उजवाच हात पुढे केला. परबांनी तळहात मागे घेतला आणि थांबले. दुसरा हात पुढे यायला बराच वेळ लागला.