खैरनार बाबूंचा सोलर चार्जर

दोन दिवस आपल्याला कुणी काही विचारू नये, एवढीच संतोष खैरनारांची इच्छा होती.

मागणी फार मोठी नव्हती हो. पण नाशिकच्या एका कॉलेजात अठ्ठावीस वर्षं हेडक्लार्की केलेल्या माणसाला ती झेपण्यासारखी नव्हती. कॉलेजात पोरं विचारायची, "बाबू, माझा बोनाफाईड?" प्राध्यापक विचारायचे, "बाबू, आमची फाईल कुठे अडकली?" प्राचार्य तर एकदा विचारत होते, "खैरनार, आज वार कोणता?" इंदिरानगरातल्या घरी यावं तर नामपूरची सगळी भाऊबंदकी फोनमध्ये बसलेली. कुणाला दाखल्याची कागदपत्रं हवीत, कुणाला एसटीची वेळ. खैरनार संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये स्कूटर लावायचे आणि पाच मिनिटं हेल्मेट न काढता तसेच बसून राहायचे. हेल्मेटमधल्या माणसाला सहसा कुणी काही विचारत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

कॉलेजच्या लायब्ररीतले धम्मपाल हे त्यांचे जुने मित्र. एकदा चहा पिताना ते म्हणाले, "खैरनार, तुमचा चेहरा पार उतरलाय. थंडीत चला माझ्याबरोबर सुरगाण्याकडे. डोंगरावर एक पठार आहे, तंबू लावू."

"तिथे करायचं काय?"

"काही नाही."

इतकं गोड वाक्य खैरनारांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

घरी बायकोनं, निर्मलाताईंनी, लगेच परवानगी दिली. "जा की. मी कधी अडवलंय? फक्त फोन चालू ठेवा. आईंचं बीपी आहे, हर्षलचा निकाल आहे. आणि तुमचा फोन तर दुपारीच मान टाकतो."

"अगं, पठारावर लाईट कुठली?"

"मग ते उन्हावर चालतं ते काय असतं, ते घ्या."

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. खैरनारांनी गुपचूप दुकानात जाऊन सोलर चार्जर आणला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण खैरनारांच्या कुळात ग्रुपवर विचारल्याशिवाय खरेदी करायची पद्धत नाही. मागे एका चुलतभावानं न विचारता मिक्सर घेतला, तर अजूनही लग्नाच्या पंगतीत लोक त्याला मिक्सरची खुशाली विचारतात. म्हणून खैरनारांनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं, 'डोंगरावर न्यायला सोलर चार्जर कोणता चांगला?'

तासाभरात एकसष्ट मेसेज आले. साडूंनी स्वतःचा जुना सोलर बंब फुकट देऊ केला, फक्त टेम्पो करून न्या म्हणाले. एका भाचीनं सूर्यनमस्काराचा व्हिडिओ टाकला. नामपूरहून चुलते भिकन आप्पांचा तर थेट फोन आला.

"संतोष, सोलरच घेऊ राहिला तर पंपाचं घे. मी फॉर्म भरून टाकतो तुझ्या नावानं."

"आप्पा, मला फक्त मोबाईल चार्ज करायचाय."

"मंग? पंपावर मोबाईल बी होतो."

शनिवारी सकाळी दारात टेप घेतलेला माणूस उभा. मेव्हण्यानं पाठवला होता. गच्चीवर पॅनल बसवायचे म्हणून तो गच्ची मोजायला आला होता. खैरनार लुंगी सावरत वर धावेपर्यंत त्यानं अर्धी गच्ची मोजून खडूनं रेघा मारल्यासुद्धा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्या रेघा पाहिल्या. 'सामाईक गच्ची खैरनारांनी परस्पर बळकावण्याबाबत' असा विषय घेऊन रविवारी बैठक लागली. बैठकीत दोन तास खैरनारांना सगळ्यांनी प्रश्न विचारले. शेवटी त्यांनी स्वतःच्या हातानं खडू पुसून दिला, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

"पप्पा, तुम्ही मला का नाही विचारलं?" हर्षल म्हणाला. हा त्यांचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. "ते पॉवर बँकेला चिकटवलेलं चिटुकलं पॅनल असतं ना, ते घेऊ नका. ते उन्हात भरायला आठवडा लागतो. घडीचं पॅनल घ्या. वॅट बघा, वजन बघा, दोन पोर्ट बघा."

"तूच आण की बाबा."

"माझं सबमिशन आहे."

मग खैरनार गेले. दुकानदारानं काउंटरवर सात चार्जर मांडले आणि विचारलं, "साहेब, वापर काय तुमचा? ट्रेकिंग, कॅम्पिंग की सायकलिंग?"

"झोपणं," खैरनार म्हणाले.

दुकानदारानं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि वीस वॅटचं, चार पानांचं, वहीसारखं उघडणारं पॅनल त्यांच्या हातात ठेवलं. वजन मेथीच्या जुडीएवढं. खैरनारांनी एकही प्रश्न न विचारता घेतलं.

घरी निर्मलाताईंनी आधी त्याला हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी शिवणयंत्रावर बसून जुन्या पडद्याच्या फुलाफुलांच्या कापडाचं छान कव्हर शिवलं, नाडीसकट. त्या घरात रिमोटपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना कव्हर होतं, तेव्हा चार्जर उघडा राहणं शक्यच नव्हतं.

सोमवारी खैरनारांनी कव्हर काढून पॅनल गच्चीवर पसरलं, त्याला जुनी पॉवर बँक जोडली आणि ते ऑफिसला गेले. संध्याकाळी पाहतात तर पॅनल तसंच पसरलेलं आणि पॉवर बँक शून्यावर. मंगळवारी पुन्हा शून्य. बुधवारी सकाळी ऑफिसातून तासाची सवलत घेऊन ते दुकानात गेले. दुकानदारानं पॅनल फुटपाथवर उन्हात धरलं. लगेच दिवा लागला.

"चालतंय की, साहेब."

"इथे चालतं. माझ्या गच्चीवर चालत नाही."

"तुमच्या गच्चीवर ऊन येतं ना?"

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत एवढा अपमानकारक प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. तरी दुकानदारानं पॅनल बदलून दिलं. ते गच्चीवर पसरून खैरनार ऑफिसला गेले, पण संध्याकाळी नवीन पॅनलही शून्य. शुक्रवारी पहाटे धम्मपालांबरोबर निघायचं, आणि हातात न चालणारा चार्जर! "फोन बंद राहणार असेल तर जायचं कसं?" असं निर्मलाताई एकदा म्हणाल्यासुद्धा. दोन दिवस हातचे जाणार होते. गुरुवारी खैरनारांनी चक्क दुपारची रजा टाकली, दुसऱ्यांदा पॅनल बदलून आणलं, गच्चीवर पसरलं आणि पाण्याच्या टाकीमागे लपून पाहत बसले.

पाचच मिनिटांत नामपूरहून महिनाभर राहायला आलेल्या त्यांच्या आई, आक्काबाई, कठडा धरून वर आल्या. काखेत गोणपाट होतं. त्यांनी पॅनलवर गोणपाट घातलं आणि चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या.

"आई!"

आक्काबाई दचकल्या नाहीत. "काय रे भाऊ? तू रोज उघडं टाकी जास, मी रोज झाकस. नवी वस्तू शे, उन्हात रंग उडी जाई ना!"

"अगं, ते उन्हावरच चालतं!"

"चालू दे ना. पन इतलं ऊन कशाले? सांजले ऊन उतरनं का काढी लेस मी."

खैरनार टाकीला टेकून खालीच बसले. आईचा जीव त्या चार्जरवर किती होता, हे कळूनही त्यांना रडावं की हसावं ते समजेना. दुकानदाराला सांगावं तर काय सांगणार? त्यांनी विटा उचलून गोणपाट बाजूला केलं. त्या दुपारी मात्र पॉवर बँक पहिल्यांदा भरली.

शुक्रवारी दुपारी ते पठारावर पोचले. खाली दरीत भाताची कापलेली खाचरं, वर निळं आभाळ, आणि माणूस म्हणून धम्मपाल. तेही तंबू लावून तोंडावर टोपी घेऊन आडवे झाले. खैरनारांनी पॅनल दगडावर पसरलं, फोन जोडला, दिवा लागला. रेंजच्या दोन काड्या होत्या. सगळं मनासारखं झालं होतं. त्यांनी डोळे मिटले.

"साहेब, ह्यावर मोबाईल होतो का?"

समोर एक माणूस उभा होता. झिपरू नाव. खालच्या पाड्यावरचा, जीप चालवायचा.

"होतो," खैरनार म्हणाले. अठ्ठावीस वर्षांची सवय, प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

"मंग बरं झालं. डीपी जळेल आहे, तीन दिस लाईट नाय. आन उद्या रातच्याला आमची मानसं द्राक्षाच्या बागांवर कामाला निघायची. फोन बंद असला तर मुकादम सापडायचा कसा?"

त्याचं म्हणणं खरं होतं, नाही म्हणायला जागा नव्हती. अर्ध्या तासात पठारावर अकरा फोन आले. प्रत्येक फोनचा मालक बरोबर आला. पोर्ट दोनच. भांडण नको म्हणून खैरनारांनी खिशातली वही काढली आणि नंबर लावले. तिथेच त्यांचं चुकलं. वही दिसली की माणूस बाबू ठरतो.

"साहेब, माझा किती झाला?"

"चाळीस."

"साहेब, ह्याच्या आधी माझा नंबर होता ना?"

"साहेब, तुम्ही बाबू ना? मंग ह्या दाखल्यावर नाव चुकेल आहे, ते कुठं नीट होतं?"

शनिवारी तर शेजारच्या पाड्यावरूनही लोक आले. खैरनारांनी सत्तावीस फोन भरले, तीन अर्ज लिहून दिले आणि सावली सरकेल तसं पॅनल उचलून दगडादगडांवरून फिरले. भागीबाई नावाच्या म्हातारीनं नागलीची भाकर आणि ठेचा आणून दिला. ती खाताना त्यांना बरं वाटलं, खोटं कशाला बोला. भागीबाई म्हणाली, "तुमी लय दमलां, बाबा. घरी जाऊन निजा."

धम्मपाल दोन्ही दिवस झोपले होते. त्यांच्याकडे बटणांचा फोन होता आणि तो घरी होता.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मात्र खैरनारांना कुरतडत होती. त्यांच्या स्वतःच्या फोनवर घरून एकही फोन आला नव्हता. ना आईच्या बीपीचा, ना हर्षलच्या निकालाचा, ना आप्पांच्या पंपाचा. शनिवारी दुपारी त्यांनी झिपरूच्या फोनवरून स्वतःला फोन लावून पाहिला. वाजला. म्हणजे फोन चांगला होता. मग? आपल्यावाचून कुणाचं काही अडलंच नाही की काय? इतकी वर्षं ज्याला वैतागलो ते थांबलं, तर जीव असा का तुटावा, हे काही त्यांना कळेना.

रविवारी दुपारी ते घरी आले. पाठ मोडली होती, नाक उन्हानं सोललं होतं.

"झाली का विश्रांती?" निर्मलाताईंनी विचारलं.

"फोन का नाही केलात कुणी? फोन चालू ठेवा, फोन चालू ठेवा, म्हणून डोकं खाल्लंत. त्या चार्जरपायी मी काय काय केलं!"

"अहो, मीच सगळ्यांना ताकीद दिली होती. आप्पांना, हर्षलला, साडूंना, एकेकाला फोन करून सांगितलं. माणूस दमलाय, दोन दिवस त्याला काही म्हणजे काही विचारायचं नाही."

खैरनारांचे डोळे भरून आले. आपल्या मनातलं आपण कधी बोललो नाही, तरी बाईनं ओळखलं.

"मग लोकांनी कुणाला विचारलं?"

"मला," निर्मलाताई शांतपणे म्हणाल्या. "दोन दिवसांत एकशे चौदा फोन. आप्पांचे तर पंपाबद्दलच नऊ. म्हणून मी ठरवलंय, पुढच्या शनिवारी मी माहेरी शेतात जाते. दोन दिवस. आईंच्या गोळ्या हर्षल देईल."

"जा की, मी कधी अडवलंय? फक्त फोन चालू ठेव," खैरनार म्हणाले आणि बोलता बोलता थांबले. मग हळूच म्हणाले, "चार्जर घेऊन जा."

"नको. तुमचा तुमच्याजवळ राहू द्या."

शनिवारी सकाळी त्या एक पिशवी घेऊन निघून गेल्या. खैरनारांनी उत्साहानं चहाचं आधण ठेवलं आणि चहापत्तीचा डबा शोधला. वर पाहिलं, खाली पाहिलं, फ्रिजमध्येही पाहिलं. हर्षलला माहीत नव्हतं. आक्काबाई म्हणाल्या, "निर्मलाले इचार." पाणी उकळून आटत आलं. पाचच मिनिटांपूर्वी गेलीय, पण विचारावं तर लागणारच, म्हणून खैरनारांनी फोन लावला.

फडताळात, चहापत्तीच्या डब्यावर ठेवलेल्या फुलाफुलांच्या कव्हरातून निर्मलाताईंचा फोन वाजू लागला.