मेश्रामकाकांची हस्तिदंती डबी

मेश्रामकाका कोणाच्याही घरी गेले की आधी मोरीत जातात. हातपाय धुवायला नाही, उरलेला पाईप शोधायला. चार इंची, पांढरा, जाड प्लास्टिकचा पाईप दिसला की बोटाच्या पेराने टकटक वाजवतात आणि विचारतात, "हा तुमच्या काही कामाचा आहे का जी?" माझ्या नव्या बाथरूमचा दीड हात तुकडा त्यांनी असाच काखोटीला मारला. मी 'न्या' म्हणेपर्यंत ते फाटकाबाहेर होते.

काका माझे वरठीतले शेजारी, निवृत्त फिटर. मी शाळामास्तर. म्हणजे त्यांच्या मते मला सगळं माहीत असायला हवं आणि प्रत्यक्षात काडीचं माहीत नाही.

हे खूळ आलं कॅलेंडरमधून. लेकीने नागपूरहून जगभरच्या संग्रहालयांतल्या वस्तूंचं कॅलेंडर आणलं. मार्चच्या पानावर एक हस्तिदंती डबी होती. गोल अंग, घुमटासारखं झाकण, सगळीकडे वेली आणि वेलींमध्ये सिंह, मोर, हरणं. हजार वर्षांपूर्वी स्पेनमध्ये मुसलमान खलिफांचं राज्य होतं, तेव्हा कोरलेली. काकांनी ते ओसरीच्या भिंतीवर टांगलं आणि पान पुढे उलटलंच नाही. चार वर्षं झाली, त्यांच्या घरी मार्च चालू आहे. बुद्धजयंतीची खीरसुद्धा मी तिथे मार्चमध्येच खातो.

"मास्तर, डबी गोल काहून? सांगा."

"कारागिराची आवड."

"हट्! हत्तीचा दात बुडाशी पोकळ राह्यते. पाईपच समजा. आडवा कापला का झाली डबी. दाताचं मन पाहा लागते."

हे 'मन पाहा लागते' त्यांचं ठरलेलं. गंजलेला नट असो, रुसलेली मोटर असो, नाहीतर रागावलेल्या काकू. घाई करायची नाही, मन पाहायचं.

हॅक्सॉचं पातं घासून त्यांनी पटाशी केली आणि पाईप कोरायला बसले. पहिला सिंह जेवून झोपलेल्या कुत्र्यासारखा झाला. मी तसं म्हणालो तर आठ दिवस बोलले नाहीत. पण नंतर हात असा बसला की बाप्पा! खाचांत तपकिरी बूटपॉलिश चोळलं की पाईप शंभर पावसाळे पाहिल्यासारखा दिसायचा. अशी एक डबी पुरी झाली तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. "सुमनले सांगाचं नाही. मी तिले खरा हस्तिदंत म्हणून देल्ली."

"अहो, पण काहून?"

"थ्या डब्या महालातल्या बायांसाठी बनवत, मास्तर. झाकणावर नाव कोरून देत. राणीले का पाईप देऊ?"

सुमनकाकूंची नजर साखरेच्या आजाराने जवळजवळ गेली आहे. मी गप्प बसलो. म्हणजे बसायला हवं होतं. पण माझी जीभ एक शत्रू आणि मोबाईल दुसरा. डबीचा फोटो काढून मी गावच्या ग्रुपवर टाकला, 'आमच्या शेजारी हस्तिदंती खजिना!' आणि खाली दोन हसरे चेहरे. मागे साकोलीकडे हत्ती येऊन धान तुडवून गेले, तेव्हापासून वनखात्याचे कान टवकारलेले. हसरे चेहरे त्यांनी मोजले नसावेत. तिसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या दारात जीप उभी.

साहेब तरुण होते, सभ्य होते, आणि त्यांच्या हातात सुई होती. "काका, हस्तिदंत घरात ठेवणं गुन्हा आहे. सुई तापवून टेकवतो. प्लास्टिक असेल तर लगेच वितळेल. नाहीतर तुम्हाला भंडाऱ्याला यावं लागेल."

काकांनी डबी पोटाशी धरली. "सुई लावाची नाही."

"मग कशाची आहे ते सांगा."

काकांनी मान वळवून घरात पाहिलं. आत खाटेवर काकू बसल्या होत्या, कान इकडेच. माझ्या चावटपणापायी हा माणूस जीपमध्ये बसणार! "साहेब, तो तर माझ्या..." एवढंच म्हणालो आणि काकांनी माझ्या पायावर असा पाय दिला की पुढचं वाक्य मी 'आई गं' असं पूर्ण केलं. साहेबांचा संशय पक्का झाला. "चला काका, बसा गाडीत." आणि काका खरंच चप्पल शोधायला लागले!

"कुठं जाऊन राहिले जी?" काकू भिंतीला हात लावत बाहेर आल्या. "साहेब, पाईप आहे थो. उरलेला तुकडा मोरीमागं पडला आहे. मास्तर, आणा."

मी लंगडत आणला. साहेबांनी डबीचं बूड तुकड्यावर टेकवलं. काठाला काठ, रेषभर फरक नाही. सुई त्यांनी खिशात घातली.

काकांचा चेहरा मात्र पार उतरला होता. "तुले माहीत होतं?"

"पहिल्या दिवशीच. हस्तिदंताले पाईप चिकटवाच्या सोल्युशनचा वास येते का?" काकू म्हणाल्या. "पण तुमी एवढ्या हौसेनं सांगून राहिले, तं म्हटलं, राहू दे."

साहेब डबी फिरवून पाहत होते. "काम भारी आहे काका. झाकणावर काय लिहिलंय?"

मी चमकलो. त्या उठावदार वळणांना मी आजवर वेलच समजत होतो.

"मी बोटानं वाचते," काकू म्हणाल्या. "सकाळच्या गोळ्या राह्यतेत त्याच्यात. हे म्हणतेत, मी नसलो तं डबी विचारन."

आता माझी मान खाली गेली. साहेबांनी झाकण उजेडात धरलं आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं, "सुमन, गोळी खाल्ली का?"

"हाव, खाल्ली," काकू सवयीने म्हणून गेल्या.

साहेब हसले, मीही हसलो. काकांनी भिंतीकडे तोंड केलं आणि कितीतरी वेळ मार्च महिना पाहत उभे राहिले.