'येतों' या एका शब्दानें महायुद्ध फिरलें त्याची हकीकत

श्री. ज्या देवास लढाईचा कंटाळा आणि जेवणाची आवड, त्यास आधीं वंदन, नंतर हकीकत. शके अठराशें साठ आणि वर कांहीं, एकंचा आंकडा कसरीनें खादला, ते सालीं पोलादी मुलखाच्या बादशहानें सर्व पृथ्वीवर युद्ध मांडिलें, आणि त्याजवर नऊ राज्यांनीं एकी केली. त्यांत मुख्य दोन: एक डोंगरी राज्य, त्याचे सेनापती रायाजीराव, देह थोर, आवाज त्याहून थोर, आणि दुसरें बेटांचें राज्य, तेथील राणीसाहेब मौक्तिकाबाई. बाकी सातांचीं नांवें कोणास नीट उच्चारितां येईनात, सबब लिहिलीं नाहींत. परंतु लढले चांगले. ऐसी एकी होऊनही आरंभीं पराभवच जाहले. पहिल्या बेटावर रायाजीराव अकराशें लोकांनिशीं कुमकेस आले, आणि दारूगोळा सरला, मग तो आणावयास माघारे निघाले, आणि निघतां हात जोडोन बोलिले, "येतों." दुभाषे विसोपंत यांनीं उल्था केला कीं हे येत आहेत. मग राणीसाहेबांनीं वेस उघडी ठेविली, अकराशें पानें मांडिलीं, वाफाळता भात वाढविला, आणि आला तो बादशहा. त्यानें बेट घेतलें आणि भातही खादला. दुसऱ्या बेटावर हेंच जाहलें. तेथें वर श्रीखंड होतें.

मग राणीसाहेबांपाशीं एक बंदर तेवढें राहिलें. मागें समुद्र, पुढें बादशहा जातीनें छावणी करोन बसलेला, आणि आंत चाळीस हजार माणूस. हें पडलें तर नऊही राज्यें बुडालीं. तेव्हां राणीसाहेबांनीं रायाजीरावांस मसलतीस बसवोन विचारिलें, "सेनापती, दोन वेळां येतों म्हणालां आणि दोन वेळां गेलां. ही कोणती रीत?"

"रीतच आहे, राणीसाहेब. निघतांना जातों म्हणूं नये. मातोश्री रागावतात."

"म्हणजे जातांना येतों म्हणतां? आणि येतांना?"

"येतांना काय बोलावयाचें? येतोंच कीं."

राणीसाहेब विसोपंतांकडे वळल्या. "शब्दाचा अर्थ मीं बरोबरच केला होता," ऐसें बोलून विसोपंत खांबामागें जाऊन उभे राहिले. इतक्यांत बादशहाच्या धरलेल्या हेराची टिपणवही आली, आणि तींत लिहिलेलें निघालें: 'डोंगरवाले येतों म्हणाले कीं गेले समजावें. भात तयार असतो.' मग राणीसाहेब ताडकन उठोन बोलिल्या, "तुमची भाषा आमच्याआधीं शत्रूस कळली! रायाजीराव, उद्यां बिनतारी यंत्रावर मोठ्यानें येतों म्हणा, आणि शत्रूच्या अंगावर या."

"खरेंच या?"

"अहो, खरेंच या!"

दुसरे दिवशीं सकाळीं रायाजीरावांनीं "येतों!" ऐसी गर्जना केली कीं यंत्र फुटलें. ती ऐकोन बादशहाची फौज हर्षली, आणि जोडे काढिले, आणि तोफा पुसावयास उघडिल्या, आणि ताटें हातीं घेऊन भाताची वाट पाहूं लागली. परंतु घात ऐसा कीं रायाजीरावांची निमी फौजही समजली कीं आपण निघालों. त्यांनीं वळकट्या बांधिल्या आणि बाजूच्या दिंडीदरवाजांतून टेकडीपलीकडच्या गलबतांकडे घरची वाट धरिली; शत्रूनेंही मोठ्या अदबीनें वाट दिली, कोणी कोणी हातही हलविले. ती वाट टेकडीस वळसा घालोन छावणीमागें निघत होती. मग वेशींतून रायाजीराव निम्या लोकांनिशीं सुटले, आणि आकाशांतून सात राज्यांचीं विमानें उतरलीं, आणि शत्रू मागें पळाला तो थेट वळकट्यावाल्यांवर आदळला, आणि एकच गर्दी! कोणी ताटाची ढाल केली, कोणी एका पायांत जोडा घालोन धांवला. बादशहा वळकटीस अडखळून पडला आणि तींतच गुंडाळून राणीसाहेबांपुढें आणिला. पुढें पंडितांनीं यास थोर व्यूह म्हटलें. आणि धनीच सांपडला म्हणोन पृथ्वीवर जेथें जेथें त्याच्या फौजा होत्या त्यांनीं हत्यारें ठेविलीं.

मग तह जाहला. सही करोन बादशहा उठला, आणि टिपणवहींतली भाषा त्यासही येत होती, म्हणोन नम्रपणें बोलिला, "येतों." तत्क्षणीं नऊ राज्यांच्या तलवारी बाहेर! राणीसाहेब गरजल्या, "जातों म्हणा!" रायाजीरावांनीं कानांवर हात ठेविले, "अहो, अशुभ!" "म्हणा!" बादशहा मान खालीं घालोन बोलिला, "जातों." सभेनें निःश्वास टाकिला, तों रायाजीराव संवयीनें बोलिले, "या पुन्हा." सबब तहांत तेरावें कलम पडलें: सेनापतींनीं कोणासही निरोप देऊं नये.

रायाजीराव स्वतः गलबतावर चढले तेव्हां त्यांस तोंड उघडवेना. राणीसाहेब हंसोन बोलिल्या, "म्हणा, म्हणा. आतां आम्हांस कळतें."

"येतों," बोलिले आणि गेले.

येणेंप्रमाणें गेलेलीं दोन बेटें परत आलीं, बंदर राहिलें, चाळीस हजार माणूस वांचलें, यंत्र एक फुटलें. पुढील सालीं रायाजीराव खरेंच आले, ऐन जेवणाच्या वेळेस, अकराशें लोकांनिशीं. त्या दिवशीं मात्र पानें मांडिलेलीं नव्हतीं.