नाव अबाधित राहील

‘ब विंगला पाणी सात वाजता. – जलमित्र. निर्मिती : किशोर अहिरे, चेअरमन.’

तक्षशिला सोसायटीच्या सर्व सभासदांना सकाळी हा संदेश आला. अ विंगमधल्या समाधान पगारे यांनी तो दोनदा वाचला आणि चहा थंड होऊ दिला.

तो प्रोग्रॅम त्यांनी लिहिला होता. टाकीतली पातळी पाहून कोणत्या विंगला केव्हा पाणी सोडायचे हे तो ठरवी आणि तसे कळवी. तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सरांनी तो इंटरनेटवर सर्वांसाठी खुला ठेवला होता. वापरा, बदला, वाटा; मोबदला नको. प्रचलित परवान्यांची भाषा ढिसाळ वाटल्याने परवानाही त्यांनी स्वतःच रचला. त्यात अट एकच : ‘मूळ लेखकाचे नाव कोणीही, कोणत्याही कारणास्तव, काढू नये.’

आपल्याकडे जे फुकट मिळते ते बेवारस समजले जाते. पाणपोईवरचा पेला साखळीने बांधावा लागतो, तो याच कारणाने. नाव ही सरांची साखळी होती आणि ती कोणीतरी कापली होती.

“सर, ओपन सोर्स म्हणजे सगळ्यांचंच ना?” सोसायटीच्या ऑफिसात किशोर म्हणाला.

“वापर सगळ्यांचा. कर्तृत्व माझं.”

“मीपण काम केलंय त्यात. रंग बदलला, ‘जलमित्र’ नाव ठेवलं.”

“गोदावरीला घाट बांधला म्हणून कोणी नदीचा बाप होत नाही.”

प्रकरण सर्वसाधारण सभेत गेले. सरांनी परवाना मोठ्याने वाचला; ‘कोणीही’ या शब्दानंतर ते हेतुपुरस्सर थांबले. सभासदांना जेवणाची घाई होती. सरांचे नाव परत लावण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. किशोरने शंकास्पद नम्रतेने मान लवविली. “उद्यापासून माझं नाव नाही सर. फक्त तुमचं.”

त्याने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी संदेश आला : ‘आज ब विंगला पाणी येणार नाही. – समाधान पगारे.’

सूचनेखाली ज्याचे नाव त्याचाच हुकूम, ही समजूत आपल्या समाजात कोणत्याही परवान्याहून जुनी आहे. ब विंगमधल्या भागीबाई रिकामा हंडा घेऊनच दारात आल्या.

“सर, आमचं पाणी का तोडलं?”

“मी नाही तोडलं, बाई. मी फक्त लेखक आहे.”

“तेच म्हणते मी. तुमीच लिवलं ना?”

“प्रोग्रॅम लिहिला. पाण्याचं तो ठरवतो.”

“आन् त्याला ठरवायला कोणी शिकवलं?”

पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याला न सुचलेला हा प्रश्न होता. सरांनी तो कागदावर टिपून घेतला. भागीबाईंनी ते कबुलीजबाब म्हणून स्वीकारले आणि खाली जाऊन तसे जाहीर केले.

भिशीत सरांच्या पत्नी प्रतिभाताई शिरल्या की बोलणे थांबू लागले. शेजारच्या कॉलनीने प्रोग्रॅम उचलला, तोही अट तंतोतंत पाळून. मग तिकडचीही माणसे फोन करू लागली. इतका प्रामाणिकपणा सरांनी आयुष्यात पाहिला नव्हता. अखेर ते किशोरकडे गेले.

“माझं नाव काढा.”

“नाही काढता येत, सर. ‘कोणीही, कोणत्याही कारणास्तव.’ तुम्ही थांबला होतात त्या शब्दावर, मला आठवतंय.”

“अहो, मी स्वतः लेखक आहे.”

“मग लेखक ‘कोणीही’त येत नाही का? तुमचं तर्कशास्त्र काय म्हणतं?”

तर्कशास्त्र किशोरच्या बाजूचे होते. तिथे ते पूर्वी कधी गेले नव्हते.

“पुढच्या प्रोग्रॅमला दुसरा परवाना लिहा,” किशोर सौजन्याने म्हणाला. “हा दिला तो दिला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दाढीला साबण लावून नळापाशी उभे होते. नळाने एक उसासा टाकला. मागे प्रतिभाताईंचा मोबाइल वाजला. त्यांनी चष्मा चढवला आणि सावकाश वाचले : ‘आज अ विंगला पाणी येणार नाही. – समाधान पगारे.’

त्यांनी मोबाइल ओट्यावर ठेवला, नवऱ्याच्या फेसाळ चेहऱ्याकडे पाहिले.

“अहो, निदान घरात तरी विचारायचं होतंत.”