कर्णिकांची टाकी

लिफ्टचे दार उघडले की कर्णिक आधी डब्याची पिशवी आत ठेवतात, स्वतः बाहेरच उभे राहतात आणि लिफ्टची जमीन तो भार सोसते की नाही, हे क्षणभर न्याहाळतात. मग एक पाऊल, मग दुसरे. या परीक्षेत एकदा दार मिटले आणि पिशवी एकटीच नवव्या मजल्यावर जाऊन पोहोचली. तिथल्या इजिप्तच्या बाईंनी ती मोठ्या सौजन्याने परत खाली पाठवली. परंतु मधल्या काळात डबा कुणाकुणाच्या हाती गेला असेल, या शंकेने कर्णिकांनी तो उघडला नाही आणि ते दिवसभर उपाशी राहिले. आमच्याकडे निर्जळी एकादशीसुद्धा इतक्या निष्ठेने होत नाही, असे मी म्हटले. ते हसले नाहीत.

"शास्त्रीबुवा," ते म्हणाले, "धोका कुठे आहे ते आधी सांगा. पुण्याईचं नंतर बघू."

शारजातील आमच्या इमारतीत कर्णिकांची आणि आमची एक भिंत सामाईक आहे. मी संस्कृतचा निवृत्त अध्यापक. पत्नी निवर्तल्यावर मुलाने, हेमंतने, मला येथे आणले. हेमंत आणि सूनबाई मृणाल सकाळी दुबईच्या वाहनगर्दीत शिरतात ते रात्रीच्या जेवणाला बाहेर पडतात. नातू माझ्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरे देतो आणि आपल्या खोलीत जातो. अशा घराचे दार संध्याकाळी वाजवणारे एकटे कर्णिक.

व्यवसायाने ते सुरक्षा-अधिकारी. मात्र ते मुळात भित्रे नव्हते. पूर्वी ते एका मोठ्या बांधकाम कंपनीत होते आणि त्या काळी कठडा नसलेल्या मजल्यावर उभे राहून खुशाल सँडविच खात, असे त्यांच्या पत्नी सुलभाताईंनी मला फोनवर सांगितले आहे. मग २००८ची ती मंदी आली. क्रेन जिथल्या तिथे थांबल्या. प्रत्येक मजल्यावर धोक्याची पाटी लावणाऱ्या या गृहस्थांना धोका भेटला तो तळमजल्यावरच्या वातानुकूलित कचेरीत, एका पाकिटातून. "तिथे पाटी लावायचं सुचलं नाही," एवढेच ते त्याविषयी बोलतात. सुलभाताई आणि मुलगी ठाण्याला परतल्या. कर्णिकांना पुढे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात नोकरी मिळाली, पण पूर्वीपेक्षा बेताची. कुटुंब पुन्हा आणणे जमले नाही. पुढे मुलीचे लग्न झाले, ती ऑस्ट्रेलियाला गेली आणि नातवाला सांभाळायला सुलभाताईही बहुतेक तिथेच असतात.

त्या पाकिटानंतर कर्णिकांना सर्वत्र धोका दिसू लागला. खजूर ते उभा चिरून, बी काढून, मग खातात. पासपोर्टच्या प्रती घरात वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात. त्यातली एक तांदळाच्या डब्यात आहे. गॅस बंद केल्यावर ते शेगडीपाशी थांबून कानोसा घेतात.

आणि हाच मनुष्य दिवसाकाठी सिगारेटचे एक पाकीट संपवीत असे. जगातल्या यच्चयावत संकटांपासून दूर राहण्याचा ताण त्यांना असह्य होई, आणि तो ताण उतरवण्यासाठी ते धूम्रपान करीत. मी एकदा विचारले की, यात धोका दिसत नाही काय? "तो माहितीतला धोका आहे," ते म्हणाले, "माहितीतल्याचं भय नसतं."

पण ते भयही आले. त्यांच्या व्हिसाच्या नूतनीकरणाची वेळ जवळ आली. येथे राहू इच्छिणाऱ्या परदेशी माणसाला त्यासाठी छातीचा एक्स-रे काढावा लागतो. मीही त्या गार पत्र्याला छाती टेकवून, श्वास रोखून उभा राहिलो आहे. त्या क्षणी निष्पाप माणसालाही आपण काहीतरी लपवीत आहोत असे वाटते. फुप्फुसावर क्षयाचा डाग निघाला तर परत जावे लागते, हे कर्णिकांनी ऐकले होते. त्यातच पहाटेचा त्यांचा खोकला सुरू झाला. भिंतीपलीकडून तो आला की माझ्या जपाची माळ थांबे. एक्स-रे तपासणारे धुराची काजळी शोधत नाहीत, हे हेमंतने त्यांना परोपरीने समजावले. कर्णिक मान डोलावीत आणि विचारीत, "पण दिसली तर?"

त्या सुमारास विजेवर चालणारी सिगारेट येथील दुकानांत उघडपणे विकायला नुकतीच परवानगी मिळाली होती. वाफेवर जायचे आणि एक्स-रेपर्यंत छाती स्वच्छ करायची, असा कर्णिकांनी संकल्प सोडला. मी म्हटले, सोडायचेच तर सगळेच सोडा. ते म्हणाले, एकदम सोडण्यात धोका आहे. सुरुवातीला त्यांनी वापरून फेकून देण्याची एक कांडी आणली. पण ज्याची वाफ होते ते आतले द्रव्य किती उरले हे दिसत नाही, या चिंतेने ती ओढायचाच त्यांना धीर होईना. तेव्हा आतले द्रव्य दिसेल आणि पुन्हा भरता येईल अशी टाकी घ्यायचे ठरले, आणि ती निवडण्यासाठी सल्लागार म्हणून माझी नेमणूक झाली. ज्याने उभ्या आयुष्यात तपकिरीला बोट लावले नाही, तोच या बाबतीत निःपक्षपाती, असा त्यांचा न्याय.

मग आमच्या दिवाणखान्यात रोज संध्याकाळी शास्त्रार्थ सुरू झाला. पूर्वपक्ष: टाकी प्लास्टिकची असावी, कारण ती पडून फुटत नाही. उत्तरपक्ष: काही अर्कांनी प्लास्टिकला तडे जातात, म्हणून काच बरी. त्यावर शंका: काच खिशात फुटली तर? हवेची वाट वर असावी की खाली? खाली असली तर गळेल. वर असली तर तोंड भाजेल. मीमांसेच्या अधिकरणांतही मी इतक्या शंका एका विषयावर पाहिल्या नव्हत्या. मृणालने आमच्या बैठकीला "आप्पांचं हुक्का सेंटर" असे नाव दिले. नातू म्हणाला, "आजोबा, दिस इज नॉट ओके," आणि त्या एका वाक्याशी मी मनातून सहमत होतो.

एका शुक्रवारी आम्ही दुकानात गेलो. आत शिरताच कर्णिकांनी प्रथम आग विझवण्याचे सिलिंडर कुठे आहे ते पाहिले, त्यावरची तपासणीची तारीख चष्मा वर करून वाचली आणि मगच काउंटरपाशी आले. विक्रेता केरळचा, हसतमुख. त्याने पाच-सहा टाक्या मांडल्या. कर्णिकांनी खिशातून कागदी रुमाल काढले, ते एका भरलेल्या टाकीला गुंडाळले आणि ती उलटी धरून, गळते का याची वाट पाहत उभे राहिले. मागे रांग लागली.

"यल्ला, चलो अंकल, ये बम नहीं है," विक्रेता म्हणाला.

"वही तो सब लोग बोलते हैं," कर्णिक म्हणाले.

त्याने एक मोठी काचेची टाकी सुचवली. सावकाश ओढणाऱ्याला ती आठवडाभर पुरेल. भरण्याची कटकट कमी, सांडण्याची भीती कमी. कर्णिकांच्या स्वतःच्या सर्व नियमांनी तीच योग्य ठरत होती. पण त्यांनी ती बाजूला सारली आणि अंगठ्याच्या पेराएवढी सर्वांत लहान टाकी उचलली, जी रोज भरावी लागते. मला नवल वाटले. "मोठी टाकी, मोठा धोका," ते घाईने म्हणाले. दिरहमांचे रुपये करून पाहण्याचेही त्या दिवशी त्यांना भान राहिले नाही.

घरी येऊन त्यांनी ती भरली. या टाकीच्या मध्यावर एक नळी असते. तिच्यातून वाफ वर येते. द्रव्य भरायचे ते तिच्या बाजूने. कर्णिकांचे हात थरथरत होते. त्यांनी ते नेमके मधल्या नळीत ओतले, वर धीराने झुरका घेतला, आणि ते कडू पाणी थेट जिभेवर आले. आपल्याला विषबाधा झाली, अशी त्यांची खात्री झाली. मृणालने त्यांना पुन्हा पुन्हा चुळा भरायला लावल्या. खुर्चीत बसून ते माझा हात सोडीनात आणि ठाण्याच्या घराची किल्ली कुठे आहे, ते मला सांगू लागले.

दुसऱ्या दिवशी तळाशी नवी वात बसवली, द्रव्य बाजूनेच घातले. पण लगेच कळ दाबली. करपलेल्या कापसाचा धूर घशात गेला. तेव्हा मात्र मला राहवले नाही. निरांजनाची फुलवात तुपात पुरती भिजल्यावाचून पेटवली तर ती जळते, उजळत नाही. हे आमच्या घरातले लहान मूलही जाणते. मी म्हटले, "वात भिजू द्या. थोडा दम धरा." देवाच्या दिव्याचे ज्ञान मी कोणत्या कामी लावीत होतो, याबद्दल मी मनोमन क्षमा मागितली. आयुष्यभर पळीने थेंब थेंब पाणी सोडणारा माझा हात मात्र स्थिर होता. त्या दिवसापासून कर्णिकांची टाकी मी भरू लागलो. सायंसंध्या झाली की ते येत, कागदी रुमाल पसरीत, मी बाटलीचे टोक काठाला लावून द्रव्य सोडीत असे, आणि मग वात भिजेपर्यंत आम्ही बोलत बसत असू. नंतर मी हात धूत असे, दोनदा.

सिगारेट सुटली. खोकला उतरला, तरी तो पुरता गेला नव्हता, तोच एक्स-रेचा दिवस आला. त्या सकाळी कर्णिकांनी आपला फ्रिज रिकामा करून सगळे आमच्याकडे आणून दिले: कांदे, अर्धे लिंबू, लोणच्याची बरणी. निकाल फोनवर येणार होता. वाट पाहण्याच्या त्या दिवसांत त्यांनी फोन वाजला की तो माझ्या हाती द्यायचा आणि मी वाचायचा, असा क्रम चालला. बँकेची जाहिरात वाचतानाही माझा स्वर कापत असे. माझ्या ध्यानात आले की भय हे खोकल्यासारखे भिंतीतून पलीकडे येते. आता ते मलाही जडले होते. हे परत गेले तर संध्याकाळी दार कोण वाजवील, हा विचार मी जपातून हुसकावीत होतो आणि तो परत येत होता.

अखेर एका दुपारी तो संदेश आला. मी तो तीनदा वाचला. कर्णिक उत्तीर्ण झाले होते. त्यांनी फोन घेतला, स्वतः वाचला, आणि भिंतीला टेकून जमिनीवरच बसले.

त्या संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे टाकी घेऊन आले. मीही आनंदात होतो, म्हटले, "आता ती मोठी टाकी घेऊन टाका. रोजची ही यातायात कशाला? मी भरून देईन आठवड्याची."

ते बराच वेळ कागदी रुमालाच्या घड्या घालीत राहिले.

"शास्त्रीबुवा, मोठी घेतली तर मी आठवड्यातून एकदाच येणार."

"रोज या की. माझ्याकडे यायला काम कशाला लागतं?"

"बिनकामाचा माणूस दोन दिवस येतो, तिसऱ्या दिवशी संकोचतो." मग त्यांनी कारखान्यातला अहवाल वाचावा तशा सुरात सांगितले, "आमच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये एक जण खोलीत गेला तो गेलाच. ईदची सुट्टी होती. सुट्टी संपेपर्यंत कोणालाच कळलं नाही. दार मला फोडावं लागलं. माझंच काम ते." घड्या घालणारी बोटे थांबली. "टाकी रोज रिकामी होते. एखाद्या दिवशी मी आलो नाही, तर तुमच्या लक्षात येईल ना?"

मी बाटली उचलली, टोक काठाला लावले आणि द्रव्य सोडू लागलो. ते माझ्या हाताकडे पाहत होते.

उद्या संध्याकाळपर्यंत ती नक्की संपली पाहिजे, या हिशेबाने त्या दिवसापासून मी टाकी किंचित कमीच भरतो.