मोहरीच्या वाटीतली गोळी

जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला दोन-तीन गोळ्यांचा हिशेब सांगायला डॉक्टर कशाला हवा? असं माझं ठाम मत होतं!

गुडघे दोन्ही झिजलेले. उठताना मी जुन्या फाटकासारखा करकरायचो. आमच्या मुलानं, उन्मेषनं, गुडगावात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. देशात परदेशी गाड्या आल्या, केबल आली. आमच्या इमारतीत लिफ्ट तेवढी यायची होती. तिच्या जागेत लोक सायकली ठेवत. आणि माझा मुलांचा वर्ग भरायचा तळमजल्यावर, सोसायटीच्या खोलीत!

वासंतीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, बजावलं, "जिन्यात एकदा जरी कण्हलात ना, वर्ग बंद!"

दुखणं सोसवतं हो. पण खालून मुलांचा कलकलाट ऐकू यावा आणि आपण वर पलंगावर पडून असावं, हे मला सोसवलं नसतं. म्हणून न कण्हण्याचा बेत आखला.

डॉक्टरांची गोळी होतीच. माझे मित्र राजाभाऊ यांनी कोपर्निकस मार्गावरच्या मराठी अतिथिगृहात उतरलेल्या मुंबईच्या पाहुण्याकडून दुसरी मिळवली. "मास्तर, बिल्कुल जादू!" तिसरी उन्मेषची, मानेसरच्या कारखान्यात त्याची पाठ धरली होती तेव्हाची. पाकिटं वासंतीला दिसू नयेत म्हणून गोळ्या सोडवून जुन्या मिसळणाच्या डब्यात लपवल्या. डॉक्टरांची मोहरीच्या वाटीत, राजाभाऊंची जिऱ्याच्या, उन्मेषची हळदीच्या. ती पांढरी होती, लवकरच पिवळी झाली, तो भाग वेगळा.

एका दुपारी तिन्ही घेतल्या, तेही रिकाम्या पोटी! जिना असा उतरलो, जणू नवरदेव! फळ्यावर एक छेद दोन लिहिलं, शेजारी दोन छेद चार.

"बाळांनो, रूप वेगळं, किंमत एकच. वरच्या रूपाला फसायचं नाही!"

एवढं बोललो आणि खडू फळ्याला टेकवून उभ्याउभ्या झोपलो.

मुलांना वाटलं, आजोबा स्टॅच्यू खेळताहेत! सगळी चिडीचूप. शेवटी पहिल्या मजल्यावरची तनया मला गुदगुल्या करायला आली, तसा मी भिंतीवरून घसरत खाली बसलो.

"आजीऽऽ! आजोबा आउट झाले!"

शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून नर्सिंग होममध्ये नेलं. पोटात आग पेटलेली.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "मास्टरजी, क्या-क्या लिया?"

"एक राईवाली, एक जीरेवाली, एक हल्दीवाली."

"दवा ली है या तड़का लगाया है?"

वासंतीनं राजाभाऊंना फोन लावून त्यांच्या गोळीचं नाव विचारलं. ते ऐकून डॉक्टर हसायचे थांबले. मोहरी आणि जिरं, औषध एकच! कंपनी वेगळी, म्हणून नाव वेगळं. दुप्पट मात्रा पोटात गेली होती. जठर आणि मूत्रपिंड, दोन्हींना धोका. हळदीच्या वाटीतली झोप आणणारी. मला ठेवून घेतलं, रक्त तपासलं. थोडक्यात निभावलं.

वासंती भांडली असती तर बरं वाटलं असतं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "कण्हायचं होतं हो. मी काय खरंच वर्ग बंद केला असता?"

आता मुलंच तिसरा मजला चढून येतात. डॉक्टरांनी ठरवलेली एकच गोळी मिळते, जेवणानंतर, वासंतीच्या हातून. परवा फळ्यावर तेच गणित आलं, तशी तनया उठली.

"आजोबा, रूपाला फसायचं नाही ना? फिर तुम्ही कसे फसलात?"

मला एकदम खोकला आला. स्वयंपाकघरातून वासंती ओरडली, "कळलंय त्यांना आता! पण उशिरा. अर्धाच मार्क द्या!"

"दोन छेद चार!" अख्खा वर्ग ओरडला.

उत्तर बरोबर होतं. काय करणार, शाबासकी द्यावीच लागली!