अप्पा बेहेऱ्यांचा डबा

अप्पा बेहेरे कॉम्प्युटरला न्हाऊ घालत होते. खोटं नाही सांगत. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर कॉम्प्युटर आडवा पाडलेला, शेजारी वाटीत कोळलेली चिंच, आणि अप्पा पंचा नेसून काथ्याने त्याची पाठ घासतायत. मी जागच्या जागी थिजलो. धंद्याने मी कॉम्प्युटरवाला. रत्नागिरीत जोडणी-दुरुस्तीचं दुकान. खाऱ्या हवेने गंजलेले, पाल अडकून जळलेले, मुंग्यांनी घर केलेले कॉम्प्युटर मी पाहिले होते. अभ्यंगस्नान पहिल्यांदाच बघत होतो.

"अप्पा, अहो करताय काय!"

"ओरडतोस काय मेल्या? आतला कोथळा काढून ठेवलाय. हा नुसता डबा आहे."

"आणि कोथळा कुठाय?"

"माडीवर."

माडीवर आंब्याच्या रिकाम्या पेटीत, पेंढ्यावर, मदरबोर्ड, हार्ड डिस्क आणि पंखा अढी घातल्यासारखे नीट मांडून ठेवले होते. वरून गोणपाट. मी कपाळाला हात लावला.

अप्पा आमचे शेजारी. पावसला हापूसची बाग, गावात हे घर, घरात अप्पा आणि काकू दोघंच. एकुलती एक सुनीता लग्न होऊन सिंगापूरला. तिच्या शिक्षणासाठी अठ्ठ्याण्णव साली अप्पांनी हा कॉम्प्युटर घेतला होता. ती गेली, कॉम्प्युटर राहिला, आणि सात वर्षांनी एका दुपारी धूर काढून तोही गेला. नेमकं तेव्हाच सुनीताला मुलगी झाली. रविवारी तिकडे बारसं. कॅमेरा लावून सगळं इथं दाखवायचं आणि काकूंनी इथून पाळणा म्हणायचा, असं मायलेकींचं ठरलेलं. म्हणजे रविवारच्या आत नवीन मशीन चालू व्हायला हवं होतं. ते ठीक. पण अप्पांची अट ऐकून मी उडालोच. आतलं सगळं नवं, डबा मात्र हाच!

मी दुकानातून नवीन काळा कॅबिनेट आणून दाखवला. पुढे निळा दिवा लागतो तसला. अप्पांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आकाशकंदील आमच्याकडे दिवाळीतच लावतात. घेऊन जा." बरं, चिकूपणा म्हणावा तर आतला माल त्यांनी दुकानातला सगळ्यात महागाचा मागितलेला.

तसे अप्पा पहिल्यापासूनच चक्रम. हल्ली तर कहर झाला होता. त्यांना वर्दी द्यायचं वेड लागलं होतं. स्वतःच्याच घरात शिरताना ओरडायचे, "मी आलो हो! चपला उजवीकडे काढल्या!" चहा स्वतः करायचे आणि काकूंसमोर ठेवून आळीला ऐकू जाईल असं सांगायचे, "कप ठेवलाय हो, उजव्या हाताशी! गरम आहे!" मी एकदा विचारलं, "अप्पा, ही बडबड कशासाठी?" तर म्हणाले, "बडबड नव्हे शिंच्या, वर्दी. माणसानं वर्दी द्यावी." आळीचं मत असं, की बागेत एकट्याने वानरं हाकून हाकून त्यांना ओरडण्याची सवय जडली आहे.

दुसरं वेड जागेचं. त्या दिवशी काम करायला मी भिंतीकडचं स्टूल नुसतं जवळ ओढलं, तर अप्पा अंगावर धावून आले. "ठेव! ठेव आधी होतं तिथं! जागा म्हणजे जागा!" स्टुलाचा एक पाय फरशीच्या रेघेवर यायला हवा होता म्हणे. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, पोरावर कशाला डाफरता?"

असो. आम्ही पडवीत बैठक मारली. जुन्या डब्याची भोकं एकीकडे, नव्या बोर्डाची दुसरीकडे. गिऱ्हाइकांना 'बोर्डाला बोट लावू नका' असं दरडावणारा मी, करवतीने पत्रा कापत बसलो होतो आणि अप्पा डब्यावर गुडघा रोवून "काप! काप बिनधास्त!" करत होते. पुढे अडलं बटणापाशी. जुनं बटण दाबलं की आतच बसायचं. नव्या बोर्डाला दाबून लगेच परत वर येणारं लागतं. मी म्हटलं, "मागच्या बाजूला एक छोटं बटण देतो."

"नाही. हेच. चौकोनी. आणि इथंच."

"अहो, त्याच्या मागे घंटीच्या बटणासारखं काहीतरी लागेल."

अप्पा उठले, स्क्रूड्रायव्हर घेऊन दाराशी गेले आणि चौकटीवरची घंटी उचकटून माझ्या हातात आणून ठेवली.

"आणि आल्यागेल्यानं काय करायचं?"

"तोंड आहे ना त्याला? वर्दी देईल."

मागण्या संपेनात. कॅमेरा मॉनिटरवर नको, बाजूच्या स्पीकरवर बसव. माऊस नको. बटण दाबलं की आपोआप सगळं उघडून पोरीचा आवाज आला पाहिजे. मी म्हटलं, "काकूंना माऊस शिकवतो की. दोन दिवसांचं तर काम."

"शिकवायचं नाही," अप्पा एकदम कडक झाले. "सांगितलं तेवढं कर."

मला मनापासून राग आला. काकू लग्नाआधी शाळेत शिकवायच्या. त्यांना या माणसाने एवढं अडाणी समजावं? सिंगापूरला बाळंतपणालासुद्धा पाठवलं नव्हतं. 'तिला विमान सोसत नाही' म्हणे! चढून बघितल्याशिवाय कसं कळलं?

रविवारी सकाळी मी शेवटची जोडणी करायला गेलो. अप्पा न्हाणीघरात होते. फोनची वायर तोकडी पडली म्हणून डबा मॉनिटरच्या उजवीकडे ठेवला, आणि तोंडात स्क्रू धरून टेबलाच्या कडेला बसलो. तेवढ्यात काकू आल्या. ठेवणीतली इरकल, नाकात नथ. थेट खुर्चीपाशी येऊन बसल्या आणि डावा हात पुढे केला. हात रिकाम्या टेबलावर पडला. त्यांनी पुढे चाचपलं, मागे चाचपलं, कडेपर्यंत हात फिरवला. डबा उजवीकडे ढळढळीत होता. मी हातभर अंतरावर होतो.

"अहो, डबा कुठं नेलात?" त्या न्हाणीघराच्या दिशेने म्हणाल्या. मग स्वतःशीच, हळू, "आज नको रे देवा."

तोंडातला स्क्रू मी गिळलाच असता. रोज बघतो या बाईला, आणि मला कळलं नव्हतं!

अप्पा ओलेत्याने धावत आले. टेबल पाहिलं, मला पाहिलं. ओठांवर बोट ठेवलं आणि मग त्यांनी मला चक्क हात जोडले. तोंडाने मात्र खणखणीत वर्दी, "मीच उचलला हो, पुसायला! ठेवतो जाग्यावर!"

आम्ही दोघांनी डबा उचलून डावीकडे ठेवला. वायर जेमतेम पुरली. काकूंचा हात पुन्हा गेला आणि बोट बरोबर चौकोनी बटणावर टेकलं. टक्. थोड्या वेळाने स्पीकरमधून "आई!" अशी हाक आली. काकूंनी मान वळवली आणि त्या स्पीकरकडे बघून हसल्या. कॅमेरा त्याच स्पीकरवर होता. तिकडे सुनीताला आई आपल्याकडेच बघताना दिसत होती.

"पिवळं झबलं घातलंन् हो!" अप्पा मागून ओरडायला लागले. "मुठी आवळल्यान्! नाक थेट तुझं!"

"बघत्ये मी. तुम्ही कशाला ओरडताय?" काकू म्हणाल्या आणि त्यांनी पाळणा सुरू केला. आवाज जरासुद्धा हलला नाही.

मी पडवीत येऊन बसलो. अप्पा मागोमाग आले. "हळूहळू गेली रे नजर. मुंबईच्या डॉक्टरांनीही हात टेकले. कुणाला सांगायचं नाही म्हणाली. पोरीला कळलं तर तान्हं पोर घेऊन धावत सुटेल. मी बागेत असतो तेव्हा ही एकटी बसते, बटण दाबते, लेकीशी बोलते. तेवढं एक तिचं तिला करता येतं अजून. डबा बदलून कसं चालेल मन्या?"

अप्पा पंच्याने तोंड पुसत आत गेले.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा अप्पा बागेत गेलेले. घंटी नव्हतीच. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून गळा काढला, "काकू, मी मन्या आलोय हो! चपला उजवीकडे काढल्या! स्टुलाला हात लावत नाही!"

काकू खळखळून हसल्या. "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! ये, बस."

मी बसलो. त्यांनी आवाज खाली आणला. मग म्हणाल्या, "सुनीताला मात्र काही बोलू नकोस हो."